चर्चासत्रांची ध्वनिचित्रमुद्रणे आणि मुक्त परवान्याची निवड : एक चिकित्सा

प्रास्ताविक

महाविद्यालयीन चर्चासत्राचे आयुष्य बहुधा दोन दिवसांचे असते. उद्घाटन, बीजभाषण, चार-पाच सत्रे, समारोप आणि प्रमाणपत्रांचे वाटप झाले की मंडप उतरतो. मागे उरतो तो शोधनिबंधांचा ग्रंथ. या ग्रंथात निबंध असतात. परंतु निबंधवाचनानंतर झालेली चर्चा, सत्राध्यक्षांनी घेतलेला आक्षेप, त्या आक्षेपाला दिलेले उत्तर यांपैकी काहीही त्यात नसते. चर्चासत्रातील 'चर्चा' हाच भाग अशा रीतीने सर्वांत आधी नष्ट होतो. २०२० च्या मार्चमधील टाळेबंदीनंतर दूरस्थ व्याख्याने आणि परिसंवाद यांची लाट आली आणि बोललेला शब्द टिकवून ठेवण्याची सोय प्रत्येक विभागाच्या हाती आली. आज बहुतेक महाविद्यालयांपाशी अशा चित्रफितींचा साठा आहे. तो टिकविण्याची चिंता पुष्कळांना आहे. तो इतरांनी कसा वापरावा याविषयी मात्र फारसा विचार झालेला दिसत नाही.

प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रश्नाची चिकित्सा करावयाची आहे. चर्चासत्राचे ध्वनिचित्रमुद्रण लोकांसाठी खुले करावयाचे असेल तर त्यावर कोणता परवाना असावा? उपलब्ध परवान्यांपैकी जे सर्वांत सुरक्षित वाटतात ते खरोखर आपल्या कामाचे आहेत काय? आणि व्याख्यात्यासाठी जो परवाना योग्य, तोच त्याच व्यासपीठावर कला सादर करणाऱ्या लोककलावंतासाठीही योग्य ठरतो काय? या प्रश्नांचा विचार करताना स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचा परिसर आणि त्यातही माहूर हे ठिकाण डोळ्यांसमोर ठेवले आहे. त्याची कारणे विवेचनाच्या ओघात स्पष्ट होतील.

मोफत आणि मुक्त

आरंभी एका गैरसमजाचा निरास करणे अगत्याचे आहे. 'आम्ही चित्रफीत यूट्यूबवर टाकली आहे, ती कोणीही पाहू शकतो, म्हणजे ती मुक्तच आहे', असे सर्रास म्हटले जाते. येथे 'मोफत' आणि 'मुक्त' या दोन शब्दांची गल्लत होते. मोफत म्हणजे पाहण्यास दाम पडत नाही. मुक्त म्हणजे ती वस्तू उतरवून घेण्यास, तिच्या प्रती वाटण्यास, तिचे भाषांतर किंवा संपादन करण्यास आणि तसे केलेले रूप पुन्हा लोकांपुढे ठेवण्यास आडकाठी नसणे. यूट्यूबवरील मानक परवान्याखालील चित्रफीत मोफत असते, मुक्त नसते. तेथे क्रिएटिव्ह कॉमन्सचा श्रेयनिर्देश परवाना निवडण्याची सोय २०११ पासून आहे. परंतु तो पर्याय चित्रफीत चढविणाऱ्याला हेतुपुरस्सर निवडावा लागतो. न निवडल्यास सर्व हक्क राखीव राहतात.

भारतीय कायद्याची भूमिकाही हीच आहे. स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ नुसार हक्क मिळण्यासाठी नोंदणीची किंवा सूचना छापण्याची गरज नाही. कृती निर्माण होताच हक्क निर्माण होतो. म्हणून 'काहीच लिहिले नाही' याचा अर्थ 'सर्वांना मोकळीक आहे' असा होत नाही. त्याचा अर्थ सर्वांना मनाई आहे असा होतो. आपल्या महाविद्यालयांच्या बहुसंख्य चित्रफिती आज या अबोल मनाईखाली पडून आहेत. ती मनाई कोणी जाणीवपूर्वक घातलेली नाही; केवळ मौनातून ती उत्पन्न झाली आहे.

मालक कोण?

परवाना देण्याचा अधिकार हक्काच्या मालकाला असतो. तेव्हा चर्चासत्राच्या चित्रफितीचा मालक कोण, हे पाहिले पाहिजे. येथे एकावर एक असे तीन थर आढळतात.

पहिला थर भाषणाचा. अधिनियमाच्या कलम १७ मधील तरतुदीनुसार जाहीरपणे केलेल्या भाषणाचा प्रथम मालक भाषण करणारी व्यक्ती असते. ते दुसऱ्या कोणाच्या वतीने केले असल्यास ती दुसरी व्यक्ती. व्याख्यात्याने निबंध लिहून आणला असेल तर त्या निबंधावर वाङ्मयीन कृती म्हणून त्याचा स्वतंत्र हक्क असतोच. दुसरा थर सादरीकरणाचा. १९९४ च्या दुरुस्तीने सादरकर्त्याचे हक्क कायद्यात आले. सादरकर्त्याच्या व्याख्येत नट, गायक, वादक, नर्तक, कसरतपटू, जादूगार, गारुडी यांच्याबरोबरच व्याख्यान देणारी व्यक्तीही स्पष्टपणे समाविष्ट आहे. प्राध्यापक मंडळींना ही संगत कदाचित गमतीची वाटेल. परंतु तिचा परिणाम गंभीर आहे. व्याख्यात्याला आपल्या सादरीकरणावर ५० वर्षे हक्क असतो आणि त्याच्या संमतीवाचून त्याचे मुद्रण करता येत नाही. तिसरा थर प्रत्यक्ष चित्रफितीचा. कायद्याच्या भाषेत ती 'चलच्चित्रपट' ठरते आणि तिचा हक्क निर्मात्याकडे, म्हणजे मुद्रणाची व्यवस्था करणाऱ्या संस्थेकडे जातो.

यावरून दोन निष्कर्ष निघतात. महाविद्यालय केवळ तिसऱ्या थराचे मालक असते. म्हणून चित्रफितीखाली महाविद्यालयाने एकट्याने मुक्त परवाना लिहून टाकणे पुरेसे नाही. आणि उलट बाजूने, व्याख्याता कितीही उदार असला तरी चित्रफितीपुरता महाविद्यालयाचा होकारही लागतो. दोघांची संमती, तीही लेखी, आधी मिळविणे हाच एक मार्ग उरतो. कलम १९ आणि ३० अ यांच्या एकत्रित वाचनातून आणखी एक अडचण उद्भवते. लेखात मुदत नमूद नसेल तर परवाना पाच वर्षांचा आणि प्रदेश नमूद नसेल तर भारतापुरता, असे गृहीत धरले जाते. 'चित्रीकरणास माझी हरकत नाही' एवढ्या एका ओळीवर सही घेऊन काम भागले असे समजणारे संयोजक पाच वर्षांनी अडचणीत येऊ शकतात. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यात जगभर आणि हक्काच्या संपूर्ण मुदतीपर्यंत असे शब्द असतात. प्रमाणित परवाना स्वीकारण्याचा हा एक व्यावहारिक लाभ होय.

परवान्यांचे स्वरूप

क्रिएटिव्ह कॉमन्स ही संस्था २००१ मध्ये अमेरिकेत स्थापन झाली आणि तिचे पहिले परवाने डिसेंबर २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. भारतीय कायद्याला अनुरूप आवृत्तीचे प्रकाशन जानेवारी २००७ मध्ये मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत झाले. २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये आलेली ४.० ही आवृत्ती सर्व देशांना लागू पडेल अशी असल्याने आता देशनिहाय आवृत्तीची गरज उरलेली नाही.

या परवान्यांत चार अटी आहेत : श्रेयनिर्देश, समान-अट, बिगर-व्यापार आणि बदल-मनाई. श्रेयनिर्देश म्हणजे कर्त्याचे नाव देणे. ती सर्व परवान्यांत आहे. समान-अट म्हणजे रूपांतर करणाऱ्याने आपले रूपांतरही त्याच परवान्याखाली खुले करणे. उरलेल्या दोहोंचा अर्थ नावातच आहे. या चार अटींच्या जुळणीतून सहा परवाने तयार होतात. त्यांपैकी फक्त दोन, म्हणजे केवळ श्रेयनिर्देश आणि श्रेयनिर्देश-समान-अट, 'मुक्त' या संज्ञेला पात्र ठरतात. विकिपीडिया आणि तिचे माध्यमभांडार असलेले विकिमीडिया कॉमन्स बिगर-व्यापार किंवा बदल-मनाई असलेले साहित्य स्वीकारत नाहीत, ते यामुळेच.

मुक्त परवान्याचा हा विचार मुळात संगणकप्रणालींच्या क्षेत्रातला. त्या क्षेत्रातील परिषदांनी तो व्याख्यानांनाही लावला. ब्रुसेल्स येथे दरवर्षी भरणाऱ्या फॉसडेम या परिषदेची ध्वनिचित्रे श्रेयनिर्देश परवान्याखाली उपलब्ध असतात. मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रे यांच्या आपल्याकडील चर्चासत्रांपर्यंत ही पद्धत अद्याप पोहोचलेली नाही. जेथे पोहोचते तेथे संयोजकांचा कल बहुधा सर्वाधिक अटी असलेल्या परवान्याकडे असतो. 'बिगर-व्यापार, बदल-मनाई' हे शब्द कानाला आश्वासक वाटतात. त्यांचीच चिकित्सा आता करू.

बिगर-व्यापार अटीची चिकित्सा

'आमच्या व्याख्यानावर कोणी पैसे मिळवू नयेत' ही भावना स्वाभाविक आहे. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेने आपले अभ्यासक्रम खुले करताना बिगर-व्यापार अट घातली आहे, असा दाखलाही देता येईल. तथापि 'व्यापारी' म्हणजे काय, हे परवान्यातून नेमके ठरत नाही. परवाना हेतूकडे पाहतो : व्यापारी लाभ किंवा आर्थिक मोबदला हा मुख्य उद्देश नसावा, असे त्याचे शब्द आहेत. आता विनाअनुदानित तुकडीत शुल्क घेऊन शिकविणाऱ्या संस्थेने ही चित्रफीत वर्गात दाखविली तर तो व्यापार आहे काय? गावातील खासगी शिकवणीने दाखविली तर? सामुदायिक नभोवाणी केंद्राने प्रायोजित कार्यक्रमात तिचा अंश घेतला तर? फाटकाबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानाने भाषणाची लिखित प्रत काढून पानामागे रुपया घेतला तर?

हे प्रश्न काल्पनिक नाहीत. जर्मनीत सार्वजनिक नभोवाणीने बिगर-व्यापार परवान्याचे छायाचित्र वापरले म्हणून वाद झाला. २०१४ मध्ये कोलोन येथील कनिष्ठ न्यायालयाने अटीचा अर्थ निव्वळ खासगी वापरापुरता संकुचित केला आणि त्याच वर्षी वरिष्ठ न्यायालयाने तो अर्थ अमान्य केला. अमेरिकेत शाळांसाठी बिगर-व्यापार परवान्याखालील पाठ्यसाहित्याच्या प्रती पैसे घेऊन काढून देणाऱ्या दुकानांवर दावे झाले. २०१८ आणि २०१९ मध्ये अपील न्यायालयांनी दुकानांच्या बाजूने निर्णय दिले. आपल्याकडे दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील झेरॉक्स दुकानावर तीन मोठ्या प्रकाशनसंस्थांनी २०१२ मध्ये दावा लावला. तो परवान्याचा वाद नव्हता, अध्यापनासाठी कायद्याने दिलेल्या सवलतीचा होता. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाचा निर्णय दुकानाच्या बाजूने लागला. निकाल अनुकूल लागले ही समाधानाची बाब. परंतु ते मिळण्यासाठी न्यायालयात जावे लागले, ही त्यातली खरी शिकवण. किनवट किंवा माहूर येथील एखादा होतकरू शिक्षक न्यायालयात जाणार नाही. तो चित्रफीत वापरण्याचे टाळेल. शंका ही मनाईइतकीच परिणामकारक असते.

शिवाय विद्यापीठीय वेतनावर काम करणाऱ्या अध्यापकाच्या व्याख्यानाचा मोबदला समाजाने एकदा दिलेला असतो. त्या व्याख्यानाच्या आधारे कोणी चार पैसे मिळविले तर मूळ चित्रफीत कमी होत नाही. ती जागच्या जागी सर्वांना मोकळीच राहते. तेव्हा अध्यापकांच्या व्याख्यानांपुरती ही अट लाभापेक्षा हानीच अधिक करते, असे म्हणावे लागते.

बदल-मनाई अटीची चिकित्सा

बदल-मनाईमागची भीती अधिक खोल आहे. 'माझ्या म्हणण्याचा विपर्यास होईल' ही ती भीती. टेड या व्याख्यानमालेने बिगर-व्यापार आणि बदल-मनाई या दोन्ही अटी घातल्या आहेत. पण टेडची भाषांतरे तर अनेक भाषांत होतात, असे कोणी म्हणेल. ती होतात ती टेडने स्वतः २००९ पासून चालविलेल्या स्वयंसेवकांच्या भाषांतर प्रकल्पातून. म्हणजे बदल-मनाई घालून भाषांतर करवून घ्यावयाचे तर त्यासाठी स्वतंत्र यंत्रणा उभारावी लागते. मराठवाड्यातील कोणते महाविद्यालय अशी यंत्रणा चालवू शकेल?

माहूरचा संदर्भ येथे महत्त्वाचा ठरतो. पैनगंगेच्या काठचा हा तालुका नांदेड शहरापासून शंभर किलोमीटरहून अधिक दूर आहे. एका बाजूला विदर्भातील यवतमाळ जिल्हा, दुसऱ्या बाजूला तेलंगणातील आदिलाबाद. किनवट-माहूर पट्ट्यात मराठीबरोबर गोंडी, कोलामी, बंजारा आणि तेलुगू या भाषा कानी पडतात. नांदेडला वनहक्क, कुपोषण किंवा आदिवासी शिक्षण यांवर परिसंवाद झाला तर त्यातील विवेचनाचा खरा श्रोता या पट्ट्यात आहे. तो दीड तासाची प्रमाण मराठीतील चित्रफीत पाहत बसणार नाही. त्याला हवा असतो त्यातला दहा मिनिटांचा भाग, आपल्या भाषेतील निवेदनासह. बदल-मनाई असलेल्या परवान्याखाली असा भाग कापून, त्यावर गोंडी निवेदन चढवून तो प्रसृत करता येत नाही. स्वतःच्या घरात तो तयार करण्यास ४.० आवृत्तीची हरकत नाही. इतरांना देण्यास आहे. ज्याच्यासाठी परिसंवाद झाला त्याच्यापर्यंतच त्याने पोहोचू नये, अशी व्यवस्था आपण 'सुरक्षितता' म्हणून निवडतो.

विपर्यासाच्या भीतीपोटी ज्ञान बंदिस्त करण्याचा एक मोठा इतिहास मराठीच्या, किंबहुना माहूरच्याच पदरी आहे. माहूर हे महानुभाव पंथाचे श्रद्धास्थान. पंथाच्या पंचकृष्णांपैकी श्रीदत्तात्रेयप्रभूंचे हे स्थान. चक्रधरस्वामींच्या लीळा म्हाइंभटांनी तेराव्या शतकात माणसामाणसाला विचारून गोळा केल्या. बोललेल्या शब्दाचे इतके काटेकोर संकलन मराठीत त्यापूर्वी झाले नव्हते. पुढे पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ आदी सांकेतिक लिप्यांत लिहिले. सकळ लिपीचे कर्तृत्व ज्या रवळोबासांकडे परंपरेने दिले जाते, त्यांचेच 'सह्याद्रिवर्णन' हे दत्तात्रेयप्रभू आणि माहूर यांच्याविषयीचे काव्य आहे. लिपीच्या कवचामुळे ग्रंथांचे पावित्र्य आणि अस्तित्व टिकले, हे मान्य केलेच पाहिजे. पंथाला त्या काळी भोगाव्या लागलेल्या विरोधाचा विचार करता ते कवच अनाठायीही नव्हते. परंतु त्याची किंमतही मोजावी लागली. विसाव्या शतकाच्या प्रारंभी वि. का. राजवाडे यांच्यासारख्या अभ्यासकांनी लिपीची उकल करेपर्यंत मराठीतील आद्य गद्य मराठी वाचकालाच अपरिचित राहिले. आणि पाठभेद व्हावयाचे ते झालेच. लीळाचरित्राच्या पाठांची छाननी हा पुढील संशोधकांचा आयुष्यभराचा उद्योग ठरला. कुलूप विपर्यास रोखत नाही. ते वाचक कमी करते. विपर्यास उघड करणारा जाणकार वाचकही त्यातच बाहेर राहतो.

विपर्यासाविरुद्ध संरक्षण अन्यत्र उपलब्ध आहे. अधिनियमाचे कलम ५७ लेखकाला आणि कलम ३८ ब सादरकर्त्याला, प्रतिष्ठेस बाध आणणाऱ्या विकृतीविरुद्ध दाद मागण्याचा हक्क देते. अमरनाथ सहगल यांच्या भित्तिशिल्पाच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये केंद्र शासनाविरुद्ध निर्णय देऊन हा हक्क कागदोपत्री नसल्याचे दाखवून दिले. आवाजाची कृत्रिम नक्कल या आजच्या संकटाबाबतही मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांना २०२४ मध्ये अंतरिम संरक्षण दिले आहे. परवान्यातही सोयी आहेत : बदल केल्यास तसे नमूद करणे बंधनकारक आहे, मूळ कर्त्याची मान्यता असल्याचा आभास निर्माण करता येत नाही आणि कर्त्याने सांगितल्यास त्याचे नाव काढून टाकावे लागते. हे परवाने देताना नैतिक हक्क परवान्याच्या वापरापुरते मर्यादित होतात हे खरे. परंतु ते आपल्या कायद्यात जितके टिकतात तितके संरक्षण व्याख्यात्याला पुरेसे आहे.

श्रेयनिर्देश की समान-अट?

आता दोन मुक्त परवाने उरतात. केवळ श्रेयनिर्देश हा अधिक सैल. त्याखालील व्याख्याने एकत्र करून 'गाईड' प्रकाशकाने पुस्तक काढले, नावे छापली आणि आपल्या पुस्तकावर सर्व हक्क राखून ठेवले, तर ते चालते. समान-अट असेल तर प्रकाशकाने पुस्तक जरूर विकावे. परंतु त्यातील रूपांतर त्याच परवान्याखाली खुले राहील. एखाद्या संस्थेने व्याख्यानाला गोंडी किंवा तेलुगू निवेदन जोडले तर ते निवेदनही पुढच्यासाठी मोकळे राहते. सार्वजनिक विहिरीवर पाणी भरण्यास सर्वांना मुभा असावी, पण कोणी तिच्याभोवती भिंत घालू नये, हा न्याय येथे लागू पडतो. बिगर-व्यापार अटीमागची जी रास्त भावना आहे, ती समान-अट अधिक नेमकेपणाने पूर्ण करते.

देशातील अनुभवही याच दिशेचा आहे. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने चालविलेल्या मुक्त शैक्षणिक साधनांच्या राष्ट्रीय भांडाराने, जे २०१३ मध्ये सुरू झाले, समान-अट परवाना स्वीकारला. त्याच वर्षी गोवा विद्यापीठाने आपल्या कोंकणी विश्वकोशाचे खंड समान-अट परवान्याखाली मुक्त केले. एका विद्यापीठाने आपला कष्टसाध्य कोश असा मोकळा करणे ही धीराची गोष्ट होती. २०१५ मध्ये कोंकणी विकिपीडिया स्वतंत्रपणे सुरू झाला, तेव्हा त्या भाषेपाशी परवान्याच्या दृष्टीने निर्वेध असे संदर्भसाहित्य आधीच होते. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे. परंतु आपल्या विद्यापीठांतील व्याख्यानांचा तिला उपयोग करता येत नाही, कारण ती अबोल मनाईखाली आहेत.

समान-अट परवाना निर्दोष मात्र नाही. वेगवेगळ्या अटींचे साहित्य एकत्र जोडताना तो अडतो; बिगर-व्यापार परवान्याच्या चित्राबरोबर त्याची सांगड बसत नाही. यूट्यूबच्या यादीत तो पर्यायच नसल्याने चित्रफितीच्या वर्णनात आणि आरंभीच्या पाटीवर तो स्वतंत्रपणे लिहावा लागतो. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालींना शिकविण्यासाठी अशा चित्रफिती वापरल्या गेल्यास समान-अट त्या प्रणालीला कितपत बांधते, हा प्रश्न न्यायालयांनी अद्याप निर्णायकपणे सोडविलेला नाही. एवढे गृहीत धरूनही अध्यापकांच्या व्याख्यानांसाठी हाच परवाना सर्वांत उचित वाटतो.

गोंधळ्याचा प्रश्न

येथपर्यंतचे विवेचन व्याख्यात्यापुरते झाले. पण लोकसाहित्यावरील चर्चासत्रात व्यासपीठावर केवळ व्याख्याता नसतो. माहूरला रेणुकेच्या उपासनेवर चर्चासत्र भरले आहे अशी कल्पना करू. साडेतीन शक्तिपीठांपैकी हे एक पीठ. गोंधळ्यांच्या कदमराई आणि रेणुराई या शाखांपैकी रेणुराई परंपरेचे नातेच येथल्या देवीशी. सायंकाळच्या सत्रात गोंधळाचे सादरीकरण ठेवले जाणार, संबळ आणि तुणतुणे घेऊन कलावंत येणार, कॅमेरा चालूच असणार. संयोजकांनी सर्व चित्रफितींना सरसकट समान-अट परवाना लावला, तर काय होईल?

व्याख्यात्याचे वेतन चालू असते. गोंधळ्याचे पोट सादरीकरणावर असते. व्याख्यान मोकळे केल्याने व्याख्यात्याचा नावलौकिक वाढतो. गोंधळाची उत्तम चित्रफीत मोकळी केल्याने ती एखाद्या संगीत-व्यावसायिकाने घेऊन विकली, तर गोंधळ्याच्या वाट्याला नाव आले तरी दाम येणार नाही. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ३८ अ मध्ये सादरकर्त्याला व्यापारी वापराबद्दल स्वामित्वधन मिळण्याचा हक्क दिला आहे. ज्या हक्काची माहितीच कलावंताला कोणी दिलेली नाही, तो हक्क एका छापील पत्रावरच्या सहीने किंवा अंगठ्याने सोडवून घेणे ही मुक्तता नव्हे. जी बिगर-व्यापार अट आपण व्याख्यानांसाठी नाकारली, ती येथे सार्थ ठरते. किंबहुना सादरीकरणाचा काही भाग मुळीच मुद्रित करू नये, असे कलावंताला वाटले तर तोही त्याचा अधिकार आहे. देवीपुढच्या विधीतील प्रत्येक गोष्ट कॅमेऱ्यासाठी असते असे मानण्याचे कारण नाही.

दुसरा प्रश्न नावाचा. आपल्या चर्चासत्रांच्या पत्रिकांत बीजभाषकाचे नाव पदव्यांसह असते आणि कलावंताच्या जागी 'लोककलेचे सादरीकरण' एवढेच छापलेले असते. श्रेयनिर्देश ही सर्व परवान्यांतील किमान अट. पण नावच नोंदविलेले नसेल तर श्रेय कोणाला देणार? श्रेयनामावलीतील अनुल्लेखाला कायद्यातही अर्थ आहे. २०१२ नंतरच्या व्याख्येनुसार चित्रपटातील ज्या आनुषंगिक सादरकर्त्याचा श्रेयनामावलीत उल्लेख होत नाही, त्याच्या पदरी नैतिक हक्कांपलीकडे फारसे काही उरत नाही.

याबाबतचा आदर्श मराठीतच आहे. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्याच्या सामाजिक शास्त्रांच्या सहकारी संशोधन केंद्रातर्फे जात्यावरच्या ओव्यांचा एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह उभा केला. पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडियाने २०१७ पासून तो ध्वनिमुद्रणांसह प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली. तेथे प्रत्येक ओवीसोबत गाणाऱ्या बाईचे नाव, गाव, तालुका, जिल्हा दिलेला असतो. आपल्याच विद्यापीठ परिसरातील, परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज अशा रीतीने त्यांच्या नावानिशी ऐकता येतो. ओवी परंपरेची असली तरी गळा एका बाईचा आहे, ही जाण त्या नोंदीत आहे.

काही व्यावहारिक सूचना

वरील चिकित्सेतून पुढील गोष्टी निष्पन्न होतात. संमतिपत्र निमंत्रणाबरोबरच पाठवावे. व्यासपीठावर चढताना सही मागू नये. त्यात परवान्याचे पूर्ण नाव आणि आवृत्ती असावी आणि व्याख्यात्याला अन्य पर्याय निवडण्याची किंवा नकार देण्याची जागा असावी. परवाना एकदा दिल्यावर मागे घेता येत नाही, हे ठळकपणे सांगावे. लोककलावंतांसाठी पत्र वेगळे असावे, ते वाचून व समजावून द्यावे आणि मानधनाचा त्याच्याशी संबंध जोडू नये.

व्याख्यानात उद्धृत होणाऱ्या परक्या साहित्याचे भान ठेवावे. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क टिकतो. बा. सी. मर्ढेकर १९५६ मध्ये निवर्तले. त्यांची कविता १ जानेवारी २०१७ पासून सर्वांची झाली आहे, ती पूर्ण वाचली तरी चालेल. कुसुमाग्रज १९९९ मध्ये निवर्तले. त्यांची कविता २०६० पर्यंत आपल्या परवान्याच्या कक्षेत येत नाही. समीक्षेसाठी अवतरण देण्यास कायद्याची मुभा आहे. पण त्या भागावर 'हा अंश परवान्यात समाविष्ट नाही' अशी नोंद हवी. प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्यांचे चेहरे त्यांच्या संमतीवाचून टिपू नयेत. खासगीपणाचा प्रश्न कोणताही स्वामित्वहक्क-परवाना सोडवीत नाही. आणि चित्रफितीची एक प्रत व्यापारी संकेतस्थळाबाहेरही ठेवावी. मुक्त परवाना असेल तर विकिमीडिया कॉमन्स किंवा इंटरनेट आर्काइव्ह येथे ती ठेवता येते.

समारोप

परवान्याची निवड ही कार्यालयीन बाब समजून ती तांत्रिक सहायकावर सोपविण्याची प्रवृत्ती आहे. वस्तुतः आपण कोणासाठी बोलतो, या प्रश्नाचे ते उत्तर असते. सर्व अटी घातलेला परवाना निवडणारी संस्था श्रोत्याला केवळ प्रेक्षक मानते. समान-अट परवाना निवडणारी संस्था त्याला भाषांतरकार, संपादक, शिक्षक म्हणजे आपला सहकारी मानते. मात्र हे औदार्य ज्याचे त्याने दाखवावयाचे असते. वेतनधारी अध्यापकाने आपले व्याख्यान मोकळे करावे, हे त्याच्या व्यवसायाला साजेसे आहे. त्याच हाताने त्याने गोंधळ्याचा गळाही मोकळा करून टाकावा, हा अधिकार त्याला कोणी दिलेला नाही. महाविद्यालयांच्या संशोधन समित्यांनी आपल्या पुढील चर्चासत्राच्या नियोजनात पत्रिका छापण्यापूर्वी ही दोन्ही संमतिपत्रे तयार केली, तर निबंधग्रंथाच्या पलीकडे चर्चासत्राचे काही टिकेल आणि ज्यांचे ते आहे त्यांच्या नावाने टिकेल.